तिसऱ्या हाकेला ओ

“लाहूभाऊ, घर पडतंय हो. गाडी सुटत नाहीये,” श्रुतिका माइकमध्ये म्हणाली.

काचेपलीकडच्या खोलीत लाहू वरठाने मान डोलावली, घसा खाकरला आणि कागदावरचे डोळे न उचलता पुन्हा तेच वाक्य म्हटलं. “बाहेर या. सगळे बाहेर या. लवकर बाहेर या.”

ऐकणाऱ्याला वाटावं, एसटी थांबली, कासा आलं, उतरणारांनी उतरून घ्यावं.

मशीनसमोर बसलेल्या प्रविणने मान खाली घातली. त्याचे खांदे गदगदत होते. काच अशी, की आतल्याला आमच्याकडचं सगळं दिसे, पण श्रुतिकाने बटण दाबल्याशिवाय ऐकू काही येत नसे. लाहूला दिसले ते नुसते खांदे. त्याने कानावरचे हेडफोन काढले, कोंबडीखालचं अंडं ठेवावं तसे अलगद टेबलावर ठेवले आणि दार उघडून बाहेर आला.

“दादा, निघू या,” तो मला म्हणाला. “मला ड्युटी आहे.”

ड्युटी कसली! त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती आणि हे मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं. पण चारचौघांत माणसाची अब्रू सांभाळायची तर त्याची ड्युटी मान्य करावी लागते. आम्ही निघालो.

मी शांताराम. डहाणू डेपोत स्टिअरिंगवर जन्म काढला. लाहू माझा कंडक्टर. मी रिटायर झालो, त्याची नोकरी अजून चालू होती. माझ्याबद्दल डेपोत अशी बदनामी आहे की मी सांगेन त्यातलं अर्धंच धरायचं. गंजाडच्या चढावर गाडी बंद पडली तेव्हा लाहूने मागून नुसतं ‘चलाऽ’ म्हटलं आणि इंजिन घाबरून चालू झालं, असं मी सगळीकडे सांगत आलोय. त्यातलं गाडी बंद पडली होती एवढं अगदी खरं आहे. आवाजही खरा. रानशेतच्या स्टॉपवर त्याने दारातून गावांची नावं घ्यावीत आणि शेतातल्या बायांनी विळे खाली ठेवून बांधावर यावं. गाडीत कोंबड्या, पाट्या, पोरं, मासळीच्या टोपल्या. त्या सगळ्या गोंधळातून त्याचा आवाज सुईसारखा आरपार जायचा.

ही बढाई मी श्रुतिकासमोर मारली आणि तिथेच सगळं सुरू झालं.

२०१९चा जानेवारी होता. नोव्हेंबरपासून आमच्या डहाणू-तलासरीकडे जमीन हलत होती. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा दणका, मग मांडणीवरच्या भांड्यांची थरथर, मग कुत्री. लोक घरं सोडून ताडपत्रीखाली, तंबूत झोपत होते. पण थंडी अशी पडली की पोरं खोकून खोकून निळी व्हायला लागली आणि एकेक कुटुंब गुपचूप परत भेगाळलेल्या भिंतींच्या आत शिरायला लागलं. तेव्हा एका संस्थेने ठरवलं की पाड्यापाड्यांतून जीप फिरवायची आणि भोंग्यावर एक छोटं नाटक लावायचं. नाटकात धक्का बसतो, घरातला म्हातारा हाका मारून सगळ्यांना बाहेर काढतो, मग सूचना. जीप माझी, भाड्याची. नाटक बसवणारी श्रुतिका, मुंबईहून आलेली, बोलायला गोड आणि कामाला तिखट.

म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदा तिकडच्याच एका नटाने दिला होता. तलासरीच्या बाजारात मी तो भोंग्यावर लावला, तर सुकी मिरची विकणारी बाई कान देऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, “ह्यो म्हातारा दाढी करून, पावडर लावून पळालाय वाटतं.” बाजार हसला. पुढच्या सूचना कोणी ऐकल्या नाहीत.

मी म्हटलं, माझ्याकडे माणूस आहे.

माणूस आणला आणि माणूस बसला तोंड शिवून. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे डहाणूतल्या एका मंडपवाल्याच्या गोदामामागची जागा, चारी भिंतींना लग्नातल्या गाद्या ठोकलेल्या. दार लावलं की बाहेरचं जग मेल्यासारखं. लाहूच्या कानावर हेडफोन चढवले, त्याने “हॅलो” म्हटलं आणि दचकून मागे बघितलं.

“हा कोण?”

“तुम्हीच,” श्रुतिका म्हणाली.

त्याचं आयुष्य एसटीच्या खडखडाटात गेलं होतं. काचा वाजतात, पत्रा वाजतो, इंजिन तर बोलतंच. आपला आवाज कसा आहे हे बिचाऱ्याने कधी ऐकलंच नव्हतं. आता तो ऐकू आला, तोही श्वासासकट, आवंढ्यासकट.

“दादा,” नंतर चहा पिताना तो मला म्हणाला होता, “त्या डबड्यात माझा अख्खा पाडा ऐकू येतो हो.”

“मग काय वाईट आहे? पाड्यालाच तर ऐकवायचंय.”

“वाईट नाही. पण काचेतून दिसतं ना, कोण ऐकतंय ते.”

त्याच दिवशी आणखी एक गंमत झाली. तो आत वाक्य घोकत असताना खरोखर धक्का बसला. काच झणझणली. श्रुतिका आणि प्रविण पहिल्या झटक्यात दाराबाहेर. मी म्हातारा, दुसऱ्या झटक्यात. लाहू मात्र आत तसाच उभा, एक हात वर, नसलेल्या दांडीला धरल्यासारखा. पायाखालची जमीन हलणं ही त्याची नोकरीच होती. श्रुतिका परत फिरली, त्याचं दार ढकलून जिवाच्या आकांताने ओरडली, “लाहूभाऊऽऽ, बाहेर याऽऽ!” तेव्हा तो आला. आला आणि तिला शांतपणे म्हणाला, “ताई, म्हातारा तुम्हीच का नाही करत? छान करता की.”

असा तो. थट्टा करील, चहा पाजील, आणि माइकसमोर गेला की तिकिटं फाडायला लागेल.

*

त्या ड्युटी नसलेल्या ड्युटीच्या दिवशी मी त्याला घरी न नेता जीप सरळ धुंदलवाडीकडे घातली. पुढे ओढ्यापलीकडे त्याच्या आईचा पाडा. गेले दोन महिने लाहूचा खरा घोर तिथे होता.

बुधी त्याच्या आईचं नाव. अख्खा पाडा तंबूत आणि ही एकटी घरात. घर तरी कसलं? पूर्वी तिचं कुडाचं घर होतं, कारवीच्या काठ्यांना माती लिंपलेलं. ते पडलं असतं तरी अंगावर टोपली पडल्यासारखं पडलं असतं. लाहूने नोकरीच्या भरात ते मोडून पक्कं बांधलं होतं. विटांच्या भिंती, वर जड कौलं, दारावर त्याचं नाव. आता त्याच भिंतीला जमिनीपासून खिडकीपर्यंत भेग गेली होती. म्हातारीने भेगेत चिंध्या कोंबून वरून शेणाने सारवलं होतं. लेकाचं घर आजारी आहे हे चारचौघांना दिसू नये म्हणून.

आम्ही गेलो तेव्हा ती चुलीवर भात ठेवत होती.

“आये,” लाहू दारातूनच म्हणाला, “बाहेर ये. बाहेर राहायला चल. तंबूत जागा आहे.”

“तंबूत माकडा ऱ्हातात.” तिने मागे बघितलंसुद्धा नाही. “घर तूच बांधलास नं? मंग पडंल कसा?”

“बांधलं मी, हलवतोय दुसराच कोणी. आये, बाहेर ये.”

“आन ह्यो कोण? डायवर?” तिने मला ओळखलं. “बस बाबा. च्या नाय, भात हाय.”

मी आत जाऊन बसलो. लाहू दारातच, एक पाय आत, एक बाहेर, नोकरीत उभा राहायचा तसा. आणि तेवढ्यात खालून दणका आला. भिंतीतून कोणी रेडा अंग घासत गेल्यासारखा आवाज झाला. वरचं एक कौल घसरलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर फुटलं. मी कसा बाहेर पडलो मला माहीत नाही. लोक सांगतात खिडकीतून. लाहू दाराच्या चौकटीला धरून ओरडला, म्हणजे ओरडायला गेला, आणि त्याच्या तोंडून आलं, “बाहेर या. लवकर बाहेर या.”

आईला! अहोजाहो!

धूळ बसली. म्हातारी चुलीपाशीच होती. एका हाताने तिने भाताचं मडकं धरून ठेवलं होतं, सांडू नये म्हणून. भात सांडला नव्हता. तिने लेकाकडे बघितलं आणि हसली, दात नसलेलं, मोकळं.

“पोऱ्या, तू हाक मारतूस का तिकीट मागतूस?”

लाहूचा चेहरा उतरला.

“तुझा बा हाक मारायचा,” ती म्हणाली. “त्या डोंगराव असला तरी हातातला काम टाकून उठाया लागायचा. तशी हाक मार, येतां मी भायेर. तोवर नाय.”

तिने फुटलेल्या कौलाचे तुकडे गोळा केले आणि चुलीमागे नीट रचून ठेवले.

*

परतताना लाहू मागे वळून घराकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण त्याच्या बापाच्या हाकेची ती गोष्ट घडली तेव्हा मी स्टिअरिंगवर होतो.

लाहूचा बाप सुक्या. डोंगरावर गुरं चारणारा माणूस. त्यांच्याकडे हाकेची एक रीत आहे. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. रानात काय काय फिरत असतं, ते एकदाच हाक मारतं. दुसऱ्या हाकेलाही थांबायचं. तो डोंगराचा पडसाद असू शकतो. तिसरी हाक आली की ती माणसाची. तिसरीला ओ द्यायचीच. नाही दिली तर हाक मारणारा समजतो की पोराचं काही बरंवाईट झालं.

लाहू नोकरीला नवा लागला होता. खाकी कडक इस्त्रीची, छातीवर बिल्ला. डहाणूच्या स्टँडवर आमची गाडी लागलेली, शेजारी चार-पाच कंडक्टर गप्पा मारत उभे. स्टँडच्या दुसऱ्या टोकाला सुक्या आला. लंगोटी, खांद्यावर घोंगडी, हातात लेकासाठी आणलेलं नाचणीच्या भाकरींचं गाठोडं. एवढ्या गर्दीत लेक कसा शोधणार? डोंगरावर शोधतात तसा. त्याने डावा तळवा कानावर ठेवला, उजवा तोंडाशी नेला, टाचा उचलल्या, डोळे मिटले आणि तोंड असं उघडलं की आतली पडजीभ दिसली.

ती हाक मी काय सांगू! वर जायची, मध्येच दुमडायची आणि दुमडलेली पुन्हा उलगडत लांब जायची. स्टँडवरचे कावळे उडाले. हे खरं आहे. कावळ्यांच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

सगळं स्टँड वळून बघायला लागलं. मग हसायला लागलं. एक कंडक्टर म्हणाला, “कोणाचा रे हा भोंगा?” आणि लाहू, त्याच्या शेजारी उभा, हसला आणि तिकिटांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागला.

दुसरी हाक. मग तिसरी.

तिसरीला ओ आली नाही, तसा म्हातारा घाबरला. गाड्यांच्या मधून, गाड्यांच्या खालून वाकून वाकून बघत पळायला लागला. लोक आणखी हसले. शेवटी लाहू मागच्या बाजूने जाऊन त्याला गाठता झाला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “बा, इथं असं ओरडायचं नाही.”

“बरा,” सुक्या म्हणाला. गाठोडं दिलं. त्यानंतर तो डहाणूत कधी ओरडला नाही. पाड्यावरही लेक आला असला की जवळ येऊन हळू बोलायचा. मग काही वर्षांनी गेला.

तेव्हापासून लाहूने गावांची नावं पुकारली, ‘पुढे सरका’ म्हटलं, ‘सुट्टे द्या’ म्हटलं. माणसाला हाक म्हणून मारली नाही.

*

शेवटच्या दिवशी श्रुतिकाने आडपडदा ठेवला नाही.

“लाहूभाऊ, उद्या दुपारी जीप निघणार. आज झालं तर तुमचा म्हातारा, नाहीतर पावडरवाला. मला वाईट वाटेल, पण थांबता येणार नाही. उद्याचा पहिला पाडा धुंदलवाडीकडचा आहे.”

लाहूने माझ्याकडे बघितलं. मी गाद्यांकडे.

तो आत गेला. बाहेर या, लवकर बाहेर या. कासा आलं. पुन्हा. आता तलासरी आली. प्रविणने काचेवर पडदा ओढला, म्हणजे लाहूला आम्ही दिसू नये. आवाज जरा सैल झाला, पण श्रुतिकाने मान हलवली. “आता आवाजही पडद्याआड जाऊन बसलाय.”

ती उठली, पडदा सारला आणि थेट आतल्या खोलीत गेली. आतला माइक चालूच होता, म्हणून आम्हाला ऐकू येत होतं.

“तुम्हाला वाटतंय ना, तोंड उघडलं की आपण विचित्र दिसू?”

लाहूने कानावरचे हेडफोन सारखे केले.

“दिसणारच. मी एका कार्टूनमध्ये तीन वर्षं म्हैस होते. बघायचीय?”

आणि त्या शिकल्यासवरल्या, चष्मा लावलेल्या बाईने मान पुढे काढली, नाकपुड्या फुगवल्या, जीभ बाजूला सोडली, डोळे असे फिरवले की मला आमच्या आळीतली म्हैस आठवली, आणि हंबरली. नुसती नाही; वासरू मेलेल्या म्हशीसारखी. प्रविण खुर्चीतून घसरला.

“माझ्या सासूबाईंनी हे एकदा बघितलं,” चष्मा सरळ करत श्रुतिका म्हणाली. “अजून माझ्या हातचा चहा जपून पितात. लाहूभाऊ, चेहरा सुंदर ठेवला की आवाज खोटा येतो, काय करणार? आणि दुसरं. तुम्ही सगळ्यांना हाक मारताय. सगळ्यांना मारलेली हाक कोणालाच लागत नाही. एका माणसाला मारा.”

ती बाहेर आली. पडदा उघडाच ठेवला.

लाहू हातातला कागद उलटसुलट करून बघत राहिला. प्रविण मशीन बंद करायला हात पुढे करणार, तेवढ्यात लाहूने कागद दुमडून खिशात घातला. हेडफोन काढले. चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. माइकपासून मागे सरकत सरकत पार गादीला पाठ टेकेपर्यंत गेला.

“लांब गेले,” प्रविण पुटपुटला. “येणार नाही आवाज.”

“तू गप बस,” मी म्हटलं. कारण लाहूचा डावा तळवा कानावर गेला होता.

उजवा तोंडाशी आला. टाचा उचलल्या गेल्या. त्याने डोळे मात्र मिटले नाहीत. काचेतून आम्हा तिघांकडे बघत, पुढचे दोन दात नसलेलं ते तोंड त्याने उघडलं, मानेच्या शिरा दोरासारख्या ताणल्या गेल्या, डोळे बाहेर आले.

“भायेऽऽऽर येऽऽऽ!”

आवाज वर चढला आणि मध्येच फाटला. फाटका, चिरका, एखाद्या पोराचा घसा फुटावा तसा. प्रविणला हसू आवरलं नाही. तो तोंड उघडून मोठ्याने हसला, आणि काचेतून लाहूने ते बघितलं.

मला वाटलं, झालं. आता हात खाली येणार, चपला पायात जाणार, ड्युटी निघणार. प्रविणकडे बघता बघता त्याचा चेहरा लाल झाला, कानाच्या पाळ्यासुद्धा. पण तळवा कानावरून हलला नाही. त्याने छाती भरून श्वास घेतला.

दुसरी हाक वर गेली, दुमडली. प्रविणचं हसणं तोंडावर तसंच राहिलं, आवाज मात्र गेला.

तिसरी दुमडली आणि उलगडली. मशीनवरचे हिरवे दिवे झरझर लाल झाले. प्रविणने कानावरचे हेडफोन उपटून फेकले. मी तो बुटका, टक्कल पडलेला कंडक्टर बघत होतो आणि मला घोंगडी दिसत होती, स्टँडचं दुसरं टोक दिसत होतं. श्रुतिकाला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी तिने हात तोंडावर धरला होता.

हाक संपली आणि बाहेर गलका झाला. मी दार उघडून बघतो तो गल्लीत माणसंच माणसं. मंडपवाल्याचे गडी खांब टाकून रस्त्यावर, समोरच्या चाळीतली बाई हातात पोळीची उलथणी घेऊन, एक म्हातारे गृहस्थ अर्ध्या दाढीला साबण लावलेले. “धक्का बसला का? कुठे बसला?” गाद्यांच्या भिंती फोडून हाक गल्लीत गेली होती. यातलं अर्धं धरलंत तरी पुरे. साबण मात्र मी स्वतः बघितला.

लाहू चपला घालून बाहेर आला. घामाने भिजला होता.

“ऐकायचंय का?” श्रुतिकाने विचारलं. तिचा आवाज बसला होता. ओरडला होता तो, बसला हिचा.

“नको ताई,” लाहू म्हणाला. मग प्रविणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “हसलास ते बरं केलंस. पहिलीला कोणी ओ देत नसतं.”

प्रविणला ते कळलं नाही. त्याने मान हलवली.

*

दुसऱ्या दिवशी लाहूने रजा टाकली आणि माझ्या शेजारी बसला. ऊन कलतं होतं तेव्हा आम्ही ओढ्यापलीकडच्या पाड्यावर पोचलो. तंबूंजवळ पोरं खेळत होती. बुधीच्या घरातून धूर निघत होता. भेग आता खिडकी ओलांडून वर कौलांपर्यंत गेली होती. चिंध्या लोंबत होत्या.

“तू हाक मार की,” मी म्हटलं. “आता येते ना तुला. भोंगा कशाला?”

लाहूने मान हलवली. “तिच्यासमोर उभा राहून नाही जमणार, दादा. मला बघून ती थट्टा करील आणि मी तिकीट काढीन. तुम्ही लावा.”

मी लावलं.

नाटकातला दणका झाला. मग पहिली हाक भोंग्यातून निघाली आणि पाड्यावरची पोरं खेळायची थांबली. तंबूच्या तोंडाशी दोर वळत बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला. त्याने आधी जीपकडे नाही, डोंगराकडे बघितलं.

घरातून काही नाही.

लाहू बोनेटला टेकून उभा होता, ओठ घट्ट मिटून. त्याची बोटं पत्र्यावर हळूहळू वाजत होती, थांबा आला की वाजायची तशी.

दुसरी हाक. डोंगरावर जाऊन परत आली. धूर सरळ वर जात होता. दारात कोणी नाही. माझ्या मनात आलं, म्हातारीला ऐकू कमी येत असेल. मनात आलं, आत्ता जर खरा धक्का आला तर. मी भोंग्याचं बटण पिरगाळून पार टोकाला नेलं.

तिसरी.

ती दुमडली, उलगडली, ओढ्यावरून गेली. आणि घराच्या आतून आवाज आला. बारीक, पण सरळ.

“ओऽऽ.”

बुधी दारात आली. हातात भाताचं मडकं, खांद्यावर गुंडाळलेल्या चटया. उंबऱ्यावर थांबून तिने डोंगराकडे बघितलं, मग ओढ्याकडे, मग जीपकडे. अंगणात उतरली. मडकं खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

“गाडीत कोण हाय?” तिने विचारलं.

लाहू पुढे झाला. “आये, मी. माझा आवाज आहे तो. मशीनमध्ये भरलाय.”

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खाकी नव्हती त्या दिवशी अंगावर, तरी तिला ती दिसत असावी.

“तू गप,” ती म्हणाली. “तू तिकीट काढ.”

लाहूने तोंड उघडलं. मला वाटलं आता सांगेल, गळ्याची शपथ घेईल, पुन्हा मारून दाखवील. त्याने तोंड मिटलं आणि घरात गेला. एकेक करून तिची गाडगी, पेटी, देवांची टोपली बाहेर आणून ठेवायला लागला. म्हातारीने अंगणात जागा झाडली, दगड वेचले, एक चटई पसरली. मग तिच्या शेजारी दुसरी पसरली. दुसरीची सुरकुती तिने हाताने नीट केली, डोंगराच्या बाजूला उशाला सुक्याची घोंगडी ठेवली. लाहू पेटी घेऊन त्या चटईला वळसा घालून गेला.

“तुम्ही व्हा पुढे,” तो मला म्हणाला. “मी राहतो इथे.”

मी जीप काढली. पुढचा पाडा ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर, समोरासमोर. तिथून बुधीचं अंगण दिसत होतं, बोटाएवढं. मी भोंगा लावला. माणसं तंबूंतून डोकावली, एकदोन घरांतून पोरं बाहेर पळाली. पहिली हाक झाली, दुसरी झाली. तिसरी पलीकडच्या डोंगराला लागून परत यायच्या आत मी इंजिन बंद केलं.

समोरच्या अंगणातून ओ आली.

पुढे सूचना होत्या. त्या मी लगेच लावल्या नाहीत.